साडेतीन किलोकॅलरींचा तंटा

पाण्यात बुडालेल्या एका प्रथिनाचं सिम्युलेशन अँबर या रेणूंची हालचाल संगणकावर मोजणाऱ्या प्रोग्रॅममधून उचलून नामडी या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न्यायचं आणि दोन्हीकडे ऊर्जा तीच येते हे दाखवायचं, एवढंच काम. सर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत होईल की!" कोणत्या दिवसाची संध्याकाळ, हे गाइडला विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

ऊर्जा जुळेना. विद्युतभारांची ऊर्जा एकूण उणे एक लाखाच्या आसपास, आणि तीत मोलमागे साडेतीनेक किलोकॅलरींचा फरक. लाखात साडेतीन म्हणजे चिल्लर असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल अर्थसंकल्प मांडावेत. आमच्याकडे पाण्यातला एक हायड्रोजन बंध पाचेक किलोकॅलरीत मोडतो.

अणू मोजले, भार तपासले, कटऑफ, म्हणजे किती अंतरापर्यंतचे अणू धरायचे ती मर्यादा, तपासला. सगळे निर्दोष. शेवटी चोर सापडला तो कूलंबच्या स्थिरांकात, म्हणजे दोन भारांमधली ऊर्जा काढताना ज्याने गुणायचं त्या आकड्यात. निसर्गात तो एकच आहे. अँबरमध्ये तो १८.२२२३ चा वर्ग, म्हणजे ३३२.०५२२. नामडीत ३३२.०६३६. आणि चार्म या तिसऱ्या प्रोग्रॅमला विचारलंच, तर ३३२.०७१६! टिळक पंचांग आणि दाते पंचांगवाल्यांची दिवाळी एखाद्या वर्षी महिनाभर पुढेमागे होते, तिथेही मूळ भांडण राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा याचंच. पण पंचांगवाले निदान आपला पक्ष उघड मांडतात. इथे तो कुठल्याशा हेडर फाइलीत मुकाट बसलेला.

बरं, सरळ ताजा आकडा घालावा, तर जुने सगळे निकाल जुन्या आकड्यावर उभे. कोणी हात लावत नाही.

आमच्या ग्रुपचा घरगुती फोरट्रान कोड तर याहून थोर. २०१९ पासून तापमानाला ऊर्जेशी जोडणारा बोल्ट्झमनचा स्थिरांक १.३८०६४९ असा कायमचा ठरवून टाकलाय. आमच्याकडे १९८६ चा १.३८०६५८ अजून नांदतो. पायचे (π) पंधरा अंक कुणीतरी भक्तिभावाने टंकलेत, पण शेवटी जास्त अंक जपायला सांगणारं 'डी०' लिहिलेलं नाही, त्यामुळे कंपायलर सात अंक ठेवून बाकीचे टाकून देतो. वर टीप: 'बदलू नये.' लिहिणारे दादा कधीच परदेशी गेले.

अखेर नामडीतला आकडा बदलून पुन्हा कंपाइल केलं. ऊर्जा जुळली. सरांनी तक्ता पाहिला, चष्मा वर केला.

"छान. आता हेच ग्रोमॅक्समध्ये करून बघ."

तिथे किलोज्यूल आणि नॅनोमीटर चालतात. स्थिरांक १३८.९३५.