सिंह ठीक, पण मुकुटाचं काय?

डच छापील चित्रांतल्या चिन्हांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात सिंह म्हणजे फक्त 'शौर्याचं प्रतीक' म्हणून दोन ओळींत उरकलाय आणि मुकुटाचा तर उल्लेखच नाही, ते खटकलं. १५८३ मध्ये आयत्सिंगर या ऑस्ट्रियन लेखकाने नेदरलँड्सच्या सतराही प्रांतांचा नकाशाच सिंहाच्या आकारात बसवला. पुढे १६०९ साली स्पेनशी बारा वर्षांचा तह झाला आणि फिशर या डच नकाशाकाराने तोच सिंह पुन्हा काढला. त्यातल्या सिंहाची तलवार खाली टेकलीय, कोपऱ्यात सैनिक चक्क झोपलाय! झूम करून बघा, कडेला शहरांची चिमुकली चित्रं आहेत. आपलं गाव त्यात शोधायला लोकांना किती मजा येत असेल.

मला मात्र ॲमस्टरडॅमच्या चिन्हाचं जास्त नवल वाटतं. लाल ढालीवर उभा काळा पट्टा, त्यात एकाखाली एक तीन पांढऱ्या फुल्या, इथवर ठीक. पण डोक्यावर मुकुट! तो वापरायचा मान १४८९ मध्ये राजा मॅक्सिमिलियनने दिलेला, म्हणजे तेव्हा तिथे सत्ता असलेल्या हॅब्सबर्ग या कॅथलिक घराण्यानेच. पुढे त्याच घराण्याच्या स्पेनच्या राजाशी ऐंशी वर्षं भांडण चाललं, शहर प्रोटेस्टंट झालं, तरी मुकुट काही उतरवला नाही. उलट १६३८ मध्ये पूर्ण झालेल्या वेस्टरकेर्क या चर्चच्या मनोऱ्यावर नेऊन बसवला. राजा नको, पण त्याने दिलेला मान हवा! लायडन शहराचंही तेच, प्रोटेस्टंट होऊनही ढालीवर अजून संत पीटरच्या किल्ल्या.

त्या मुकुटावर एक परिच्छेद तरी हवा होता.