दलालीमुळे पेन्शन कापलं गेलं? नाही
‘शेअर दलालांच्या कमिशनपायी एसटीच्या निवृत्तांचं पेन्शन घटलं’ असा मेसेज चिपळूण-गुहागरच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. एसटीवाल्यांना मिळतं ते ईपीएस-95चं, म्हणजे पीएफसोबतच्या 1995च्या पेन्शन योजनेचं, पेन्शन सूत्रानं ठरतं : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. यात दलाली कुठेच येत नाही. रक्कम तुटपुंजी दिसते ती पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या महिन्याच्या पगाराच्या मर्यादेमुळे; आज 15,000, सप्टेंबर 2014आधी 6,500. त्या आधीच्या वर्षांचा हिशेब जुन्या आकड्यानेच होतो! भांडायचं तर तिथे भांडा.

एनपीएसचं, म्हणजे बाजारात पैसे गुंतवणाऱ्या राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, मात्र वेगळं. 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर लागलेल्या गुरुजींनो, शेअर दलालीसकट निधीचे खर्च वजा होऊनच तुमच्या युनिटची, म्हणजे निधीतल्या तुमच्या वाट्याची, किंमत निघते. दलालीचा हिशेब तुम्ही जरूर मागा.