आंब्याला एक दिवस : हौशी मंडळींसाठी सूचना

परवाच्या रविवारी आंबा गावाजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गाड्यांच्या चाकोऱ्या मोजल्या. नऊ भरल्या. इतक्या उत्साही मंडळींना कुणीतरी नीट वाट दाखवायला हवी, म्हणून हा खटाटोप.

निघायची घाई नको. कोल्हापूर ते आंबा जेमतेम 65 किलोमीटर. गवे पहाटे आणि ऊन उतरल्यावर चरायला बाहेर येतात, भर दुपारी झाडीत रवंथ करत बसतात. तेव्हा आधी मिसळ, वर जादा कट, मग बांबवड्यात चहा, मलकापुरात पुन्हा चहा, असं करत बारा वाजता पोचा. "इथं काय बी नाही राव" म्हणायला मोकळे.

चुकून गवा दिसलाच तर गाडीतून उतरा. हजार किलोपर्यंत भरणारा नर आडवा उभा राहून अंग दाखवतो, फुसकारतो. ती धमकी असते. तुम्ही फोटोसाठी पोज समजा.

वानरांना चिप्स द्या. मागून येणाऱ्या पोरांच्या हातातले पुडे ती स्वतःच काढून घेतील.

जळू लागली तर खसकन ओढा. मिठाचं पाणी लावलं की आपणहून सुटते, त्यात काय मजा? रक्त गोठू न देणारा रस ती सोडते, म्हणून जखम थोडा वेळ वाहतच राहते. तेवढ्यावर दवाखाना गाठा.

पावसाळ्यात चांदोलीचं जंगल पर्यटनाला बंद, म्हणून पावसाळ्यातच जा. फाटकावरच्या वनरक्षकाला "मला ओळखत नाहीस?" विचारायचं.

आणि सडा. सडा म्हणजे मोकळं मैदान, गाडी थेट वर घ्या. खाली जांभ्याचा कातळ, वर कुठं बोटभर तर कुठं वीतभर माती. तीही इतकी कसहीन, की सीतेची आसवं आणि दवबिंदू ही इवली झाडं किडे खाऊन गुजराण करतात. सड्यावरची पुष्कळशी झाडं एका पावसाची सोबती. उगवायचं, फुलायचं, बी टाकून मरायचं. बी पडायच्या आत चाक फिरलं, की पुढच्या वर्षी तिथं उगवायला उरतं काय? चाकोरीत पाणी साचतं, उताराला लागतं, माती घेऊन जातं आणि उघडा कातळ मागे राहतो. पण रील झकास येतं! गरगर गाडी फिरवली तर आणखी झकास. मग बॉनेटवर केक कापा, बाटली दगडावर फोडा, काचा तिथंच टाका. दुसऱ्या दिवशी म्हसरं चरायला येतात, काच खुरात घुसते, पाय चिघळतो, औषधाचे पैसे मालक भरतो, आणि तुम्ही घरी बसून लाइक मोजता. लाज कशी वाटत नाही रे?

चांदोली 1985 ला अभयारण्य झालं, 2004 ला राष्ट्रीय उद्यान. त्या जंगलासाठी माणसांनी घरं, शेतं, देवळं मागं ठेवून गावं सोडली. आणि तुला डांबरी रस्त्यापासून फुलापर्यंत चार पावलं चालवत नाही?

गाडी रस्त्याच्या कडेला लाव. स्पीकर बंद कर. बाटली, पिशवी, केकचा डबा, जे आणलंस ते कोल्हापूरला परत ने. चालायचंच नसेल तर रंकाळ्यावर भेळ खा आणि घरी जा.