'टू स्कॉट्स' म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामेभावाने लंडनच्या परेडचा व्हिडिओ टाकला. लाल डगले, अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या, बँड वगैरे. खाली लिहिलंय, "तीनशे वर्षांत एक बटण बदललं नाही. परंपरा जपावी तर इंग्रजांनीच. नाहीतर आपण!" त्यावर सगळ्या काका-मावश्यांचे अंगठे आणि जोडलेले हात.

दादा मोठा आहे, म्हणून ग्रुपवर गप्प बसले. इथे बोलते. त्या व्हिडिओतल्या शिपायांची बटणं चार-चारच्या गटात आहेत, म्हणजे ते आयरिश गार्ड्स. ती पलटण उभी राहिली १९०० साली. सुट्या अंतराने एकेक बटण असेल तर ग्रेनेडियर, दोन-दोन कोल्डस्ट्रीम, तीन-तीन स्कॉट्स गार्ड्स, पाच-पाच वेल्श गार्ड्स. आणि वेल्श गार्ड्स १९१५ चे, म्हणजे टिळक मंडालेहून सुटून आले त्याच्याही नंतरचे. कसली तीनशे वर्षं घेऊन बसलात!

हे मला कसं माहीत? आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांमुळे. आम्ही ग्लासगोत राहायला आलो तेव्हा जिन्यात पहिल्यांदा बोलले ते हेच. कुठून आलात, असं विचारलं. इंडिया म्हटल्यावर इथले लोक साधारण ताजमहालावर येतात, नाहीतर चिकन टिक्क्यावर. आजोबांनी विचारलं, "इंडियात कुठे?" मी आपली सवयीने "मुंबईच्या बाजूला" म्हणाले. "बाजूला म्हणजे कुठे?" मग सांगितलं की आजोळ जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुका, तुम्हाला नाही कळणार. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "असाय?"

असई. आमची असई! भोकरदनला जाता-येता एसटीच्या खिडकीतून दिसायची ती. एकाही मामाने कधी बोट करून दाखवली नाही. शाळेच्या पुस्तकात दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाला अर्धं पान, त्यात असई, आडगाव, लासवारी एका ओळीत उरकलेले. आणि ग्लासगोच्या जिन्यात एक ऐंशीच्या घरातला माणूस मला विचारतोय की तिथल्या नदीला आता पाणी असतं का.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांचा बिल्ला दाखवला. हायलँड लाइट इन्फंट्रीचा, टोपीवर लावायचा. मध्ये तारा, त्यावर शिंग, शिंगाच्या वेटोळ्यात पलटणीची आद्याक्षरं, वर मुकुट. आणि सगळ्यात खाली, फितीवर 'असाय' लिहिलेलं, त्याच्याखाली हत्ती. इवलासा. ब्रासोने इतकी वर्षं घासला गेलाय की सोंड जवळजवळ सपाट झालीय, पाय तेवढे शाबूत आहेत. मी तो तळहातावर घेऊन उभी राहिले आणि मला काय वाटायला हवं तेच कळेना.

कारण तो हत्ती कशाचा आहे? २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चाल केली. त्याची ७४ वी हायलँड ही स्कॉटिश पलटण (तो बिल्ला हिच्याच वारसांचा) वाट चुकून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली. शिंद्यांच्या तोफखान्याने ती भाजून काढली आणि उरलेल्यांवर मराठ्यांचे घोडेस्वार तुटून पडले. त्या दिवशी हजर असलेला पलटणीचा प्रत्येक लढाऊ अधिकारी मेला नाहीतर जखमी झाला. शेवटी सामानसुमानाचा हिशेब ठेवणारा क्वार्टरमास्टर जेम्स ग्रँट, ज्याचं लढणं हे कामच नव्हतं, तो रांगेत घुसून लढला. लढाई वेलस्लीने जिंकली, पण त्याची सुमारे दीड हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लू जिंकला, आणि म्हातारपणी कुणी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कुठली, तर म्हणाला असाय.

म्हणजे तो बिल्ला त्यांच्या शौर्याचा, मान्य. पण ज्यांच्या मारामुळे तो मिळाला ते गोलंदाज आपले होते! त्यांची आठवण आपण कुठल्या धातूत ओतली? कुठेच नाही. ती ग्लासगोच्या एका फ्लॅटमध्ये, शत्रूच्या टोपीवर शिल्लक आहे. (मद्रास रेजिमेंटचा हत्तीही असईचाच बरं का, कंपनीकडून लढलेल्या मद्रासी शिपायांचा. आपल्या लष्कराने असई हा युद्धसन्मान म्हणून मिरवायचा नाही असं ठरवलं, पण हत्ती राहिला. कोरेगावचा विषय मात्र इथे काढू नका, कमेंटमध्ये भांडायला माझ्याकडे ताकद नाही.)

असो. मूळ मुद्दा, दादा. परंपरा इंग्रजांनी जपली म्हणतोस ना? इंग्रज सरकारने काय जपलं ते ऐक.

ती ७४ वी. १८८१ मध्ये ह्यू चिल्डर्स नावाच्या युद्धमंत्र्याने पलटणींचे आकडे काढून टाकले, ७१ वी आणि ७४ वी एकत्र करून हायलँड लाइट इन्फंट्री केली. जुने शिपाई आकडा गेला म्हणून हळहळले. मग तेच नवं नाव त्यांनी दोन महायुद्धांत रक्ताने भिजवलं. १९५९ मध्ये पुन्हा बाबूंची कात्री. हायलँड लाइट इन्फंट्री आणि रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स यांची मोट बांधून रॉयल हायलँड फ्युझिलिअर्स. आता एकाने किल्ट घालायचा की दुसऱ्यासारखी चौकड्यांची विजार, यावर ग्लासगोत रणकंदन झालं. विजार जिंकली. आजोबा साठच्या दशकात भरती झाले ते या विजारवाल्या पलटणीत. त्यांचे वडील, जुने किल्टवाले, पोराला गणवेशात बघून खूश झाले नाहीत. आजोबा सांगतात की त्यांनी आधी पायांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. आणि २८ मार्च २००६ पासून तीही पलटण स्वतंत्र उरली नाही. स्कॉट्स गार्ड्स सोडून सगळ्या स्कॉटिश पायदळ पलटणी एका रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये. पूर्ण नाव आता 'द रॉयल हायलँड फ्युझिलिअर्स, सेकंड बटालियन, द रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड'. लग्नपत्रिकेत सगळ्या चुलत्यांची नावं कोंबतात तसलं, कुणी रुसू नये म्हणून. आणि तोंडात काय? 'टू स्कॉट्स'.

आजोबा ते शब्द उच्चारत नाहीत. नातू त्याच पलटणीत आहे, तो 'टू स्कॉट्स' म्हणाला की हे कानावर हात ठेवतात.

चीड कशाची येते सांगू? नाव बदलण्याची नाही, बदलण्याच्या रीतीची. ब्लॅक वॉच ही दुसरी जुनी स्कॉटिश पलटण घ्या. १६ डिसेंबर २००४ ला संरक्षणमंत्री जेफ हून यांनी पार्लमेंटमध्ये हे विलीनीकरण जाहीर केलं. ब्लॅक वॉच तेव्हा नुकतीच इराकमधल्या कँप डॉगवूडवरून माणसं गमावून परतली होती. बुटांची धूळ झटकायची होती अजून! अरे, निदान त्यांची सुट्टी तरी होऊ द्यायची. आईबाप रस्त्यावर आले, म्हातारे सैनिक मेडल्स लावून मोर्च्यात चालले, आणि तरी झालं जे व्हायचं तेच. खर्च, मनुष्यबळ, लवचीकता हे शब्द ज्यांच्या तोंडात असतात त्यांच्यापुढे म्हाताऱ्यांच्या मेडल्सचं काय चालणार? हे शब्द आपल्याला नवे नाहीत. आपल्यातल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या सर्क्युलरमध्ये ते वाचलेत.

हो, भरतीला पोरं मिळत नव्हती, हे खरं आहे. सहाशेच्या पलटणीत चारशे माणसं घेऊन कुणी लढू शकत नाही, तेही खरं. झालं?

पण मग शिपायांनी काय केलं बघा. नाव गेलं तर तुरा वाचवला. ब्लॅक वॉचचा लाल तुरा, फ्युझिलिअर्सचा पांढरा, हायलँडर्सचा निळा, आर्गाइल्सचा हिरवा. सगळे एकाच रेजिमेंटमध्ये, पण टोपीवरून अजून ओळखू येतात. आणि आजोबांच्या पलटणीने असईचं निशाण वाचवलं. बाकी बहुतेक पलटणींना दोन निशाणं असतात, राजाचं आणि पलटणीचं. हिला तिसरंही आहे, असईचं. २३ सप्टेंबर जवळ आला की आजोबांच्या बोलण्यात महिनाभर आधीपासून दुसरा विषय नसतो.

इंग्लंडातही तेच. ग्लॉस्टरशायरची जुनी २८ वी पलटण १८०१ मध्ये अलेक्झांड्रियाला पुढून आणि मागून एकाच वेळी लढली, म्हणून त्यांना टोपीच्या मागेही एक बिल्ला लावायचा मान. २००७ मध्ये त्यांच्या वारस पलटणीसकट बऱ्याच पलटणी 'द रायफल्स'मध्ये बुडाल्या. मागचा बिल्ला बुडाला नाही, आता सगळी रायफल्स तो लावते. वेल्शवाल्यांचा तर बोकड! रॉयल वेल्शचा बिली हा रीतसर लान्स कॉर्पोरल होता. २००६ मध्ये सायप्रसला राणीच्या वाढदिवसाच्या परेडमध्ये त्याने रांग सोडली, ढोलवाल्याला धडक मारायला गेला. झाली पदावनती, बिली साधा फ्युझिलिअर. तीन महिन्यांनी वर्तणूक सुधारली म्हणून पद परत. हसू येतं ना? मलाही आलं. पण बोकडाच्या बाबतीतसुद्धा सुनावणी घेणारं लष्कर आणि शेकडो वर्षांची नावं एका निवेदनात मिटवणारं सरकार, दोन्ही एकाच देशातले.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. आता जे सांगणार आहे ते आजोबांनी सांगितलेलं, आणि ते सांगताना ते प्रत्येक वेळी उठून खिडकीशी जातात. इथून जवळच लॅनार्कशायरमध्ये डग्लस गाव आहे. कॅमेरोनियन्स ही पलटण १६८९ मध्ये तिथे उभी राहिली, धर्मासाठी छळ सोसलेल्या लोकांची. छळाच्या काळात हे लोक डोंगरात उघड्यावर प्रार्थना करत आणि भोवती पहारा बसवत, म्हणून पलटण पुढेही प्रार्थनेला शस्त्रं घेऊन जायची. पुढे यांनाही सांगितलं, दुसऱ्यांत विलीन व्हा. हे नाही म्हणाले. विलीन होण्यापेक्षा मिटतो, म्हणाले. १४ मे १९६८ ला त्याच डग्लसमध्ये शेवटची प्रार्थना झाली, शेवटचा पहारा बसला, निशाण उतरवलं आणि पलटण संपली. आजोबांच्या मते हे बरोबर. माझ्या मते? माहीत नाही. मिटलेल्या पलटणीचा तुरा लावायला नातू उरत नाही.

आणि मुंबईकरांनो, तुमचीही एक पलटण मिटलीय बरं. बॉम्बे युरोपियन रेजिमेंट, मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला आंदणात मिळालं त्या काळातली. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशव्यांविरुद्ध लढली. पुढे नावं बदलत बदलत ती रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. आयर्लंडच्या स्वातंत्र्याचं ठरल्यावर १९२२ मध्ये आयर्लंडच्या पाच पलटणी एकदम बंद केल्या, त्यात हिचा नंबर लागला. निशाणं विंडसरच्या किल्ल्यात राजाच्या हाती देऊन शिपाई घरी गेले. घरी तरी कुठल्या? स्वतंत्र आयर्लंडमध्ये त्यांना हार घालायला कोण थांबलं होतं! निशाणावर 'किर्की' लिहिलेलं, हे डब्लिनला ठाऊक नाही आणि खडकीलाही नाही.

आता कुणीतरी लिहिणारच की, ताई, आपल्याला गुलाम करणाऱ्यांच्या पलटणींसाठी कसले अश्रू? बरोबर आहे. त्या निशाणांवरची अर्धी नावं आपल्या गावांची आहेत आणि तिथे ते पाहुणे म्हणून गेले नव्हते. हे मी आजोबांना तोंडावर म्हटलंय. ते म्हणाले, "आम्ही ग्लासगोच्या चाळीतली उपाशी पोरं होतो, आम्हाला पाठवलं." हे उत्तर मला पुरत नाही. पण त्यांच्याकडे दुसरं नाही, आणि असईच्या गोलंदाजांकडेही याहून वेगळं असतं असं मला वाटत नाही.

तर दादा, इंग्रजांचं कौतुक करायचं तर कर, पण व्हाइटहॉलचं, म्हणजे लंडनच्या सरकारी कचेऱ्यांचं नको. त्या जिन्यातल्या माणसाचं कर. त्याच्या पलटणीचं नाव तीनदा बदललं, तरी तो २३ सप्टेंबर विसरला नाही. आपण त्याच लढाईतले, आणि आपल्याला त्या तारखेला काय आठवतं? मला तरी काही आठवत नव्हतं, आजोळ तिथून हाकेच्या अंतरावर असून.

बाकी एक काम आहे. भोकरदन, सिल्लोड, जाफराबादकडचं कुणी हे वाचत असेल तर केळणा आणि जुईच्या संगमाचा चांगला फोटो पाठवा, पाणी असतानाचा. इंटरनेटवरचा नको, तो त्यांनी पाहिलाय. मोठ्या आकारात छापून द्यायचाय, त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी करा.