कुरडयांची जबानी

ऑस्ट्रेलियात उतरताना प्रवासी कार्डावरच्या अन्नपदार्थांच्या प्रश्नापुढे मी नेहमी ‘हो’ अशी खूण करतो, आणि म्हणूनच परवा, खरे बोलणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या त्या लांबलचक रांगेत, पुण्याहून बांधून आणलेली बॅग जगासमोर उघडी टाकून मी उभा होतो. तांदूळ, तूर, मूग, हरभरा, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या यांपैकी काहीही बॅगेतून आणू नये, असा तिथला दंडक आहे. २०२० पासून तो खपरा नावाच्या किड्यासाठी अधिकच कडक झाला आहे. हा किडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो, त्याची अळी अन्नाशिवाय वर्षानुवर्षे तग धरू शकते आणि त्याचे मूळ आपल्याकडचेच मानले जाते. परदेशात नाव काढलेले आपले लोक पुष्कळ असतील. पण ज्याच्या धास्तीने एका अख्ख्या खंडाने नियम बदलले, असा दुसरा कोणी मला आठवत नाही.

आईने देवघरातल्या अक्षतांची पुडी बॅगेच्या कोपऱ्यात गुपचूप खोचली होती, ती गेली. त्याचे मला फारसे वाटले नाही; तांदूळ तो तांदूळच. कुरडयांवर मात्र प्रकरण अडले. तपासणीच्या टेबलामागची मुलगी सौजन्याने वागत होती. तिने एक कुरडई दिव्यासमोर धरून न्याहाळली आणि हे काय आहे, असे विचारले. गव्हाचा चीक शिजवून वाळवलेला आहे, असे मी सांगितले. ‘शिजवून’ हा शब्द तिला पटलेला दिसत होता. एवढ्यात मागून आवाज आला.

“कुठले तुम्ही?”

मागे चाकाच्या खुर्चीत एक काका बसले होते. पुणे, असे मी म्हणालो. “आडनाव?” तेही सांगितले. मग ते म्हणाले, “अहो, असे अर्धवट सांगू नका. यांना आपली पद्धत नीट कळली पाहिजे.” आणि सरकारी टिपणीला शोभेल अशा इंग्रजीत त्यांनी जबानी सुरू केली.

गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, हे त्यांनी प्रथम स्पष्ट केले. तीन दिवसांत त्याला वास येत नाही का, असे त्या मुलीने विचारले. “येतो ना!” काका अभिमानाने म्हणाले. “आंबूस वास आल्याशिवाय कुरडई फुलतच नाही.” मग वाटणे, गाळणे, चीक खाली बसू देणे आणि वरची निवळी टाकणे झाले. सोऱ्याचे वर्णन शब्दांत मावेना, तेव्हा काका खुर्चीतून ताडकन उठले आणि हवेत सोऱ्या दाबून, कुरडई घालताना हात कसा गोल फिरवतात, ते त्यांनी करून दाखवले. खुर्ची ढकलणारा मनुष्य दोन पावले मागे सरला. तरीही सारे निभावले असते. परंतु काका गच्चीवर पोहोचले. गच्चीत प्लास्टिक अंथरतात आणि शेजारी काठी घेऊन एक मूल बसवतात, असे ते म्हणाले.

“मूल कशासाठी?”

“कावळ्यांसाठी.”

“म्हणजे यावर पक्षी बसतात?”

“बसणारच! उन्हाळ्यात दुसरे काय खाणार ते?”

तिने हातमोजे बदलले. आमच्या कुरडया पिवळ्या पिशवीत गेल्या.

“वाईट वाटून घेऊ नका,” काका पुन्हा खुर्चीत बसत म्हणाले. “इथे सगळे मिळते.” या वाक्याचा मला मनस्वी तिटकारा आहे. सिडनीच्या हॅरिस पार्कात आणि मेलबर्नच्या डँडेनाँगमध्ये डाळींपासून पापडांपर्यंत खरोखरच सगळे मिळते, हे मला ठाऊक आहे, आणि गहू पिकवून जगाला विकणाऱ्या देशाने धान्याची कीड वेशीवर अडवली तर त्यात त्याचे चुकले, असेही मी म्हणत नाही. पण दुखऱ्या गुडघ्यांनी गच्चीचे जिने चढणारी आई ही जणू पुरवठ्याची अडचण होती आणि दुकान निघाल्यामुळे ती मिटली, अशा सुरात जेव्हा आपलीच माणसे बोलतात, तेव्हा त्यांना उत्तर द्यायचे कोणत्या तोंडाने? शिवाय तिने फोनवर “फुलल्या का रे?” असे विचारले की खोटे मलाच बोलावे लागते, काकांना नाही.

काकांच्या बॅगेत दुकानातली बंद पाकिटे होती. बाकरवडी, शेव, शंकरपाळे. सारे तळलेले, छापील आणि निष्पाप. दोन मिनिटांत ते मोकळे झाले. बाहेर मी त्यांच्या मुलाची वाट पाहत त्यांच्याजवळ थांबलो, कारण वडीलधाऱ्या माणसाला एकटे सोडून जाणे आपल्याला जमत नाही. परदेशात आल्यावर तरुण पिढीचा आपल्या मातीशी संबंध कसा तुटत चालला आहे, हे त्यांनी मला तेवढ्या वेळात समजावले. मुलाच्या मंडळात गणपतीला पंगत असते, पण पानात घरची कुरडई म्हणून हल्ली कोणी वाढत नाही, ही त्यांची मुख्य खंत होती. पुढच्या खेपेस चार जास्त आणा, असे सांगून त्यांनी माझा फोन नंबर मागितला.

मी शेवटचा आकडा बदलून दिला.