पोळ्याच्या रात्रीचं कापड: एका आक्षेपाला उत्तर

भाऊ, पोळ्याच्या रात्री दिव्यावर येणाऱ्या पाखरांच्या, म्हणजे पतंग-किड्यांच्या, सावल्या कापडावर रेखायच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एका रात्रीच्या चित्रावरून कीटक घटले असं ठरत नाही, दिव्यापायी ते उलट मरतात, आणि कपाशीवाल्याला किडे नकोच असतात.

पहिला मान्य. जर्मनीत ६३ ठिकाणी, २७ वर्षांच्या काळात सापळ्यांतल्या उडत्या किड्यांचं वजन झालं, तेव्हा कुठं २०१७ साली पाऊण हिस्सा घटल्याचं सांगता आलं. कापड ते काम करत नाही. ते चित्रच आहे. पण वर्षावर्षाची कापडं चावडीत शेजारी-शेजारी टांगली, की पांढरी राहिलेली जागा माणूस आपणहून बघतो.

दुसरा अर्धा बरोबर. दिवा रात्रभर ठेवला तर पाखरं थकून तिथंच बसतात आणि उजाडताच कोतवाल-बुलबुल त्यांची न्याहारी करतात. म्हणून दोन तास, साडेसात ते साडेनऊ, मग बंद. पांढरी मलमल चारही कोपऱ्यांनी ताणून बांधा; झोळ राहिला तर रेघ सरकते. १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब (चोक लागत नाही) समोर एक मीटरवर, बांबूला घट्ट. लोंबता बांधला तर सावल्या हलतात, फार जवळ घेतला तर कडेच्या लांबुडक्या होतात. काच भयंकर तापते, पावसाचा थेंब पडला की तडकते, तेव्हा वर पत्रा हवाच. रेखणाऱ्यानं मागच्या बाजूनं, बसलेल्या पाखराच्या सावलीभोवती काडीकोळसा फिरवायचा, अगदी हलक्या हातानं. दाबला की पाखरू उडालंच. मागं राहिल्यानं डोळ्यांवर झोतही येत नाही. घिरट्या घालणारी मोठी पाखरं सोडून द्या.

आता कपाशी. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) आहेत, हेक्टरी ५. एका सापळ्यात सलग ३ रात्री दर रात्री ८ पतंग आले की फवारणीचा विचार. कापडावरून बोंडअळीचा अंदाज बांधू नका. मात्र कापडावर क्रायसोपा हा मित्रकीडाही येतो, हिरवट, जाळीदार पंखांचा. त्याची अळी मावा खाते, बोंडअळीची अंडीही खाते. सुरुवातीच्या जहाल फवारणीत तो आधी मरतो. 'किडे नकोच' म्हणताना यालाही धरता काय?

पोळा अमावास्येचा, आभाळ काळं, म्हणून ही रात्र निवडली. दुसऱ्या दिवशी मारबतीचा, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याचा, मान असतो आणि आपणच ओरडतो, 'माशा, मोंगसा घेऊन जाय गे मारबत'. किड्यांवरची आपली ही जुनी, मोठी कला त्यांना हाकलायचीच. तिच्या आदल्या रात्री कोण कोण गावात आहे याची हजेरी घ्यावी, एवढाच या कापडाचा खोडसाळपणा.

यंदा लावणार असाल तर नवी मलमल दोनदा धुवा, खळीवर कोळसा धरत नाही. रेखून झालं की पातळ डिंकपाणी फवारा. फडक्यानं लावलं तर सगळं फिसकटतं.