कूपे, सेडान आणि फेटा

आमच्या साडूंनी नवी गाडी घेतली. तिला कुणी सेडान म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडते. "कूपे आहे हो ती," असं ते पार्किंगवाल्यालाही ऐकवतात. मी दारं मोजली. चार भरली. "फोर-डोअर कूपे," साडू म्हणाले, आणि असं काही बघितलं की डिकीबद्दलचा प्रश्न मी गिळून टाकला.

माझ्या लहानपणी हिशेब सरळ होता. दोन दारं ती कूपे, चार दारं ती सेडान, आणि आमच्या घरी लूना.

पण हा घोळ साडूंनी घातलेला नाही. 1962 मध्येच रोव्हर या इंग्रज कंपनीनं आपल्या पी-5 गाडीचं छप्पर अडीच इंच खाली घेतलं, चारही दारं जागच्या जागी ठेवली आणि बारसं केलं, कूपे! पुढे 2004 मध्ये मर्सिडीजनं सीएलएस ही चार दारांची कूपे आणली आणि मग रांगच लागली. फोक्सवागन, ऑडी, बीएमडब्ल्यू, कुणी म्हणून मागे राहिलं नाही. बीएमडब्ल्यूची एक्स-6 तर चांगली धिप्पाड एसयूव्ही. 2008 मध्ये तिच्याही गळ्यात कूपेची माळ पडली. आपल्याकडे 2024 मध्ये टाटा कर्व्ह आणि सित्रोएन बसॉल्ट आल्यापासून गल्लीबोळात कूपे झाल्या आहेत. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संघटनेनं तर दारं मोजायची कटकटच ठेवली नाही: मागच्या सीटच्या भागात 33 घनफुटांहून कमी जागा असली की कूपे. त्यातून सासूबाईंची डब्यांची पिशवी वजा करायची की नाही, याचा खुलासा मात्र मला कुठे मिळाला नाही.

माझं मत विचाराल तर कूपे आणि सेडान यांच्यामधली सीमारेषा मागे बसणाऱ्याच्या टाळूवरून जाते. मला ती मेहुणीच्या दिराच्या लग्नात, साताऱ्यात, प्रत्यक्ष लागली.

लॉजवर फेटेवाल्यानं मला घट्ट, तुरेबाज फेटा बांधला. कार्यालय गावाबाहेर. साडू गाडी चालवणार, सासरे मानानं पुढे, आणि मागे मी, सासूबाई आणि नऊवारीतली बायको. आत शिरायला मी वाकलो तसा तुरा दाराच्या वरच्या कडेला अडकला. कमरेत वाकलो, गुडघ्यात वाकलो, मग पाठमोरा होऊन आधी बैठक आत टाकली आणि मान मागाहून ओढून घेतली. सासूबाईंच्या अंबाड्यावरचा गजरा तर छतालाच चिकटला.

या गाड्यांचं छप्पर पुढच्या सीटवर सगळ्यात उंच असतं आणि तिथून डिकीपर्यंत घसरगुंडीसारखं उतरतं. वारा त्यावरून सुरेख वाहत जातो म्हणे. वाऱ्याची सोय झाली. फेट्याची कोण करणार? डोक्याला जागा व्हावी म्हणून मागची सीटही खाली घेतलेली, त्यामुळे माझे गुडघे हनुवटीशी गप्पा मारत होते. मागची काच एवढीशी, की पाठीमागून बस येतेय की बैलगाडी, ते हॉर्नवरून ओळखायचं.

"जावईबापू, मान दुखतीये का?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना माझा फक्त कान दिसत असावा.

"साइड प्रोफाइल बघा एकदा बाहेरून," साडू आरशातून म्हणाले.

नाही म्हणायला, आपण हिंदुस्थानी लोक उलटं करतो. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा कर कमी झाला आणि आपण चांगल्या सेडानची शेपटी छाटायला लागलो. 2008 ची इंडिगो सीएस घ्या, नाहीतर 2012 ची डिझायर. दिसायला त्या यथातथाच. पण त्यात फेटा बसतो!

कार्यालयाच्या दारात गाडी थांबली आणि करवल्यांनी तिला गराडा घातला. "काय दिसते ना!" खरं सांगतो, दिसतेच. बाहेर उभं राहून मीही दोन मिनिटं बघत राहिलो, अर्थात मान तिरकीच ठेवून. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, सरळ बघा." मी म्हटलं, "हेच सरळ."

पंगत उठायच्या आत सासूबाईंनी वऱ्हाडाच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये खिडकीच्या सीटवर पिशवी टाकून परतीची जागा धरली होती. मी माझा रुमाल त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "शेजारची पण धरा."